डोंगरमाथ्यावरील निरोप्या

म्हैसूर शहरातून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल हे गाव लागते. मराठी वाचकांपैकी अनेकांच्या कानांवर हे नाव विनोबांच्या संदर्भात आले असेल. सप्टेंबर १९५७ मध्ये येथे ग्रामदान परिषद भरली. आचार्य विनोबा भावे यांच्यासमवेत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद व पंतप्रधान जवाहरलाल नेहरू हे तीस उपस्थित होते. गावाची जमीन एकेकाची न राहता साऱ्या गावाची व्हावी, हा त्या परिषदेपुढील विचार होता. प्रस्तुत पुस्तिकेत विचार करावयाचा आहे तो निराळ्याच एका सामाईक संपत्तीचा. ही संपत्ती म्हणजे डोंगरमाथ्यावर उभे असलेले आणि परवानाधारक असेल त्या प्रत्येकाचा आवाज दूरवर पोचविणारे एक रेडिओयंत्र. इंग्रजीत त्यास ‘रिपीटर’ म्हणतात. मराठीत त्यास पुनःक्षेपक म्हणता येईल. हौशी रेडिओमंडळे अशी यंत्रे उभारतात व चालवितात, आणि गेल्या दोन दशकांत आवाजाचे अंकांत रूपांतर करून ती पाठविण्याची विद्याही त्यांनी हस्तगत केली आहे. हे कसे घडते, त्यातून काय साधते आणि त्यात काय गमावण्याचा संभव आहे, हे पुढील पानांत पाहू.

तरंगांची सरळ वाट

येलवाल येथील एका हौशी रेडिओचालकाच्या हाती पाच वॅट शक्तीचे छोटे यंत्र आहे, आणि त्याचा स्नेही नंजनगूड येथे तसेच यंत्र घेऊन बसला आहे, अशी कल्पना करा. दोन्ही गावांमधील सरळ अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. त्यांना परस्परांशी बोलता येईल काय?

भारतात हौशी चालकांना मिळालेल्या पट्ट्यांपैकी एक १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचा आहे. या तरंगांची लांबी सुमारे दोन मीटर असते. लघुलहरींवरील नभोवाणी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून परावर्तन पावून हजारो किलोमीटर दूर पोचते. परंतु दोन मीटरांचे हे तरंग सहसा तसे परततात, असे नाही. ते बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची वक्रता आड आली, की संपतात. ते कोठवर पोचतील याचा अदमास बांधण्याचा एक सोपा नियम आहे. अँटेनाच्या उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्यास ४.१ने गुणावे, येणारी संख्या म्हणजे त्या अँटेनाच्या रेडिओ-क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर होय. माणसाच्या हातातील यंत्र जमिनीपासून दीड मीटर उंच धरले, तर हे अंतर केवळ पाच किलोमीटर येते. म्हणजे सपाट माळावर उभी असलेली दोन माणसे फार तर दहा किलोमीटरांपर्यंत एकमेकांशी बोलू शकतील. नंजनगूड या मर्यादेच्या खूपच पलीकडे राहते. यंत्राची शक्ती दुप्पट केली तरी यात फारसा फरक पडत नाही, कारण येथे अडसर शक्तीचा नसून पृथ्वीच्या गोलाईचा आहे.

आता म्हैसूरलगतच्या चामुंडी टेकडीचा विचार करा. तिचा माथा शहरापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. ३००चे वर्गमूळ १७.३, त्यास ४.१ने गुणल्यास सुमारे ७१ किलोमीटर येतात. त्यांत हातातील यंत्राचे पाच मिळविले, म्हणजे एवढ्या उंचीवर ठेवलेले यंत्र, मध्ये दुसरा डोंगर आडवा नसेल तर, सर्व दिशांना पाऊणशे किलोमीटरांपर्यंतच्या माणसाचा आवाज ऐकू शकते. येलवाल आणि नंजनगूड ही दोन्ही ठिकाणे या टेकडीपासून वीस किलोमीटरांच्या आत आहेत. येलवालचा आवाज माथ्यावर ऐकला जावा व तत्क्षणी तेथून पुन्हा प्रक्षेपित व्हावा, एवढी व्यवस्था झाली, की नंजनगूड जवळ येते. येथे चामुंडीचे नाव गणिताच्या उदाहरणादाखल घेतले आहे. महाराष्ट्रातील वाचकाने तिच्या जागी आपल्या गावाजवळचा गड अथवा डोंगर घालून हेच गणित करून पाहावे. गडावरून ज्या कारणास्तव चहूकडे टेहळणी होत असे, त्याच कारणास्तव पुनःक्षेपकासाठी गड सोईचा ठरतो.

उंचीचा हाच लाभ आकाशातूनही घेता येतो. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ‘हॅमसॅट’ हा साडेबेचाळीस किलोग्रॅम वजनाचा उपग्रह खास हौशी रेडिओचालकांसाठी सोडला. जमिनीवरून आलेले संदेश घेऊन ते पुन्हा पृथ्वीकडे पाठविणे, हेच त्याचे काम होते; आणि २०१४ पर्यंत, सुमारे नऊ वर्षे, त्याने ते केले.

हौस आणि शिस्त

मराठीत ‘हौशी’ हा शब्द नाटकमंडळ्यांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. पोटासाठी नव्हे, तर कलेच्या प्रेमासाठी नाटक करणारा तो हौशी नट. हौशी रेडिओचालकाचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येनुसार ही सेवा स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क व तांत्रिक संशोधन यांसाठी असून तीत आर्थिक लाभाचा हेतू असता कामा नये. तथापि ही हौस स्वैर नाही. भारतात केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून परवाना मिळत नाही; बारा वर्षांवरील मुलामुलींनाही ही परीक्षा देता येते. प्रत्येक परवानाधारकास ‘व्हीयू’ या अक्षरांनी आरंभ होणारे एक स्वतंत्र अभिज्ञान-चिन्ह दिले जाते आणि संभाषणात त्याचा उच्चार करणे बंधनकारक असते. व्यापारविषयक बोलणे, करमणुकीचे संगीत, गुप्त सांकेतिक भाषा यांस येथे मज्जाव आहे. जे बोलावयाचे, ते उघड्या भाषेत आणि कोणीही ऐकावे असे.

या छंदातून पूर्वीही मोठी कार्ये उभी राहिली आहेत. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरी ३० वॅटचा लहानसा प्रक्षेपक बसवून खाजगी नभोवाणी केंद्र चालू केले. त्या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे १९५०नंतरच्या दशकात हेच नाव साऱ्या भारताच्या नभोवाणीने स्वीकारले. मुंबईत १९४२च्या ‘चले जाव’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक उभारण्यासही नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतज्ज्ञाचे हात लागले होते. युद्धामुळे हौशी चालकांचे परवाने त्या काळी रद्द झालेले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अशा चालकांची ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ ही अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

एकट्या चालकाला आपल्या घराच्या गच्चीवर अँटेना लावता येते. पण डोंगरमाथ्यावर यंत्र बसविणे हे एकट्याचे काम नव्हे. जागेची परवानगी, मनोरा, वीज, खर्च आणि देखभाल यांसाठी मंडळ लागते. म्हणून पुनःक्षेपक हा बहुधा मंडळाचा असतो, आणि मंडळ हे पुष्कळदा पुनःक्षेपकाभोवतीच जमलेले असते.

ऐकणे आणि बोलणे एकाच क्षणी

पुनःक्षेपकाचे काम सांगण्यास सोपे असले तरी करण्यास कठीण आहे. त्याने ऐकता ऐकताच बोलावयाचे असते. त्यासाठी तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. दोन मीटरांच्या पट्ट्यात या दोन कंप्रतांमध्ये सामान्यतः ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवलेले असते. अडचण अशी, की त्याच्या प्रक्षेपकातून दहा वॅट बाहेर पडत असतील, तर त्याच वेळी त्याच्या ग्राहक यंत्रास जो क्षीण संदेश ऐकावयाचा असतो, त्याची शक्ती पुष्कळदा त्याच्या एकावर सोळा शून्ये इतक्याव्या हिश्शाची असते. ढोल बडविणाऱ्याने ढोल न थांबविता मुंगीच्या पावलांचा आवाज ऐकावा, तसा हा प्रकार आहे.

हे साधते ते धातूच्या पोकळ नळकांड्यांमुळे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता तिच्या आकारमानानुसार एक ठराविक सूर निघतो; त्याचप्रमाणे विशिष्ट लांबीची धातूची नळकांडी एका ठराविक कंप्रतेच्या तरंगांना प्रतिसाद देतात. दोन मीटरांच्या तरंगासाठी ही लांबी तरंगाच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे अर्धा मीटर असते. अशी काही नळकांडी एकापुढे एक जोडली, म्हणजे प्रक्षेपकाचा गलका एका वाटेने अँटेनाकडे जातो आणि दुरून आलेला क्षीण संदेश दुसऱ्या वाटेने ग्राहक यंत्राकडे वळतो. एकच अँटेना दोन्ही कामे करते. ही नळकांडी अचूक जुळविणे हे कौशल्याचे व चिकाटीचे काम असून प्रत्येक मंडळात ते येणारी एक-दोनच माणसे असतात.

आवाजाचे आकडे

जुन्या पद्धतीच्या पुनःक्षेपकात आवाजाची कंपने जशीच्या तशी तरंगांवर आरूढ केली जातात. संदेश क्षीण झाला, की त्यात खरखर मिसळते, आणि पुनःक्षेपक आवाजाबरोबर ती खरखरही इमानाने पुढे पाठवितो. अंकीय पद्धतीत बोलणाऱ्याच्या यंत्रातच आवाजाचे शून्य व एक या दोन अंकांच्या मालिकेत रूपांतर होते. ऐकणाऱ्या यंत्रास आता एवढेच ठरवावयाचे असते, की आलेला अंक शून्य आहे की एक. तो ओळखता आला, तर मार्गातील खरखर मागे राहते.

मात्र आवाजाचे आकडे फार मोठे होतात. दूरध्वनीच्या नेहमीच्या अंकीय पद्धतीत आवाजाचे सेकंदास ८,००० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप आठ अंकांत लिहिले जाते. म्हणजे दर सेकंदास ६४,००० अंक. हौशी रेडिओच्या अरुंद पट्ट्यात एवढा भार मावत नाही. तो कमी करण्याचा उपाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी १९३०नंतरच्या दशकात शोधला. आवाजाचे प्रत्येक कंपन न पाठविता, तो आवाज घशात व मुखात कसा निर्माण झाला याचे वर्णनच पाठवावे, ही त्यांची कल्पना. याच तत्त्वावर बोलणारे एक यंत्र १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

ही कल्पना मराठी विद्यार्थ्यास अपरिचित वाटू नये. आपल्या व्याकरणात वर्णांचे घोष व अघोष असे दोन वर्ग शतकानुशतके शिकविले जात आहेत. कंठावर बोट ठेवून ‘स’चा लांब उच्चार केला, तर बोटास काही जाणवत नाही, ‘आ’ म्हटले, की कंप लागतो. अंकीय आवाजाचे यंत्र नेमका हाच प्रश्न विचारते. सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता आवाज घेऊन ते पाहते, की तो घोष आहे की अघोष, घोष असल्यास त्याचा स्वर किती उंच आहे, त्याचा जोर किती आहे आणि मुखाच्या पोकळीमुळे कोणते सूर उठावदार झाले आहेत. ही उत्तरे ४८ अंकांत मावतात. सेकंदास असे ५० तुकडे धरल्यास २,४०० अंक होतात. म्हणजे दूरध्वनीच्या भाराच्या सव्विसाव्या हिश्शाहूनही थोडे. ऐकणारे यंत्र या वर्णनावरून आवाज नव्याने घडविते. म्हणूनच अशा संभाषणात शब्द स्पष्ट कळतात, पण बोलणाऱ्याच्या आवाजाची मूळची धाटणी काहीशी बदललेली वाटते.

वाचलेल्या जागेत आणखी काही अंक घातले जातात ते चुकांच्या दुरुस्तीसाठी. दूरध्वनीवर नाव नीट ऐकू न गेल्यास आपण ‘क कमळातला’ असे सांगतो. ‘क’ ऐकू आला नाही तरी ‘कमळ’ कळते आणि त्यावरून ‘क’ कळतो. अंकमालिकेत घातलेली जादा माहिती हेच काम करते. काही अंक वाटेत बिघडले तरी उरलेल्यांवरून ते भरून काढता येतात.

याची एक किंमत मात्र आहे. जुन्या पद्धतीत दूर जावे तसा आवाज हळूहळू खरखरीत बुडत जातो आणि सरावलेला कान अखेरपर्यंत त्यातून एखादा शब्द टिपतो. अंकीय आवाज मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग कड्यावरून पडावा तसा एकाएकी नाहीसा होतो. संकटकाळी काम करणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

पद्धती अनेक, भाषा एक नाही

जपानमधील हौशी रेडिओसंघाने सरकारी साहाय्याने सिद्ध केलेली ‘डी-स्टार’ ही पद्धती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सेकंदास ४,८०० अंक जातात: २,४०० आवाजाचे, १,२०० दुरुस्तीचे आणि १,२०० चालकाचे चिन्ह, त्याचे ठिकाण इत्यादी माहितीचे. युरोपात २००५च्या सुमारास व्यावसायिक वापरासाठी ठरलेली ‘डीएमआर’ ही दुसरी पद्धती हौशी चालकांनीही उचलली. तिची युक्ती मोठी मनोरंजक आहे. ती वेळेचे ३० मिलिसेकंदांचे कप्पे पाडते आणि ते दोन संभाषणांना आळीपाळीने देते. ६० मिलिसेकंदांचे बोलणे अर्ध्या वेळात पाठविले जात असल्याने एकाच पुनःक्षेपकावर दोन जोड्या एकाच वेळी बोलतात आणि कोणालाही खंड जाणवत नाही. ‘सिस्टिम फ्यूजन’ ही तिसरी पद्धती एका जपानी उत्पादकाने २०१३ मध्ये आणली.

या पद्धती परस्परांना समजत नाहीत. एका पद्धतीचे यंत्र घेतलेल्या चालकास दुसरीवरील संभाषण केवळ गुरगुर म्हणून ऐकू येते. पूर्वी कोणाचेही साधे यंत्र कोणत्याही पुनःक्षेपकावर चालत असे. आता मंडळाने कोणती पद्धती निवडावी, हाच वादाचा विषय होऊन बसला.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. आवाजाचे अंक करणारी जी रीत या तिन्ही पद्धतींत वापरात आली, ती एका अमेरिकन कंपनीची असून दीर्घ काळ एकस्वाने संरक्षित होती आणि छोट्या चकतीच्या रूपाने विकत मिळे. तिच्या आत काय चालते, हे पाहण्याची व बदलण्याची सोय नसे. ज्या छंदाचा पाया स्वतः यंत्र उघडून पाहण्यात आहे, त्याच्या मध्यभागी अशी बंद पेटी येणे अनेकांना खटकले. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड रो या अभियंत्याने २००९-१०च्या सुमारास ‘कोडेक २’ ही आवाज-संकेतनाची रीत लिहिण्यास आरंभ केला आणि ती सर्वांस खुली ठेवली. तिच्या आधारे पोलंडमधील वोय्चेख काचमार्स्की यांनी २०१९ मध्ये ‘एम१७’ ही संपूर्ण खुली पद्धती आरंभली. आज एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थी या रीतीचे प्रत्येक सूत्र वाचू शकतो आणि मराठी उच्चारांवर ती कशी चालते, याचा प्रयोगही करू शकतो.

घरातली पेटी आणि डोंगरावरची पेटी

अंकीय आवाज इंटरनेटवरून सहज वाहून नेता येतो. म्हणून एका गावचा पुनःक्षेपक दुसऱ्या देशातील पुनःक्षेपकाशी जोडता येतो, आणि पाच वॅटच्या यंत्राने जपानमधील स्नेह्याशी बोलता येते. ब्रिटनमधील जोनाथन नेलर यांनी लिहिलेल्या खुल्या आज्ञावलीमुळे तर हे काम तळहाताएवढ्या संगणकावर होऊ लागले. अशी छोटी पेटी घरातच ठेवली, की तिच्या दहा-वीस मिलिवॅटच्या तरंगांनी हातातील यंत्र घरभर चालते आणि पुढचा सारा प्रवास इंटरनेटवरून होतो.

दाट वस्तीत राहणाऱ्यांना, ज्यांच्या इमारतीवर अँटेना लावू देत नाहीत अशांना, तसेच वृद्ध व आजारी चालकांना ही सोय वरदानासारखी वाटली, यात नवल नाही. परंतु तिचा एक परिणाम सावकाश दिसून येतो. घरात पेटी आली, की डोंगरावरच्या पेटीची आठवण कमी होते. वर्गणी रेंगाळते. नळकांडी जुळविणारा वृद्ध सभासद निवर्ततो आणि त्याचे काम कोणी शिकलेले नसते. अँटेनाच्या तारेच्या जोडात पाणी शिरते. ते काढण्यास कोणी चढत नाही. आणि एके दिवशी असे लक्षात येते, की येलवालहून जपानशी बोलता येते, पण नंजनगूडशी बोलण्यासाठीही इंटरनेट लागते. ते नसेल तर दोन्ही गावे पूर्ववत दूर.

वायनाडचा धडा

इंटरनेट नसण्याचा प्रसंग दुर्मीळ नाही. म्हैसूरच्या नैर्ऋत्येस, कर्नाटकाच्या सीमेपलीकडे केरळचा वायनाड जिल्हा आहे. ३० जुलै २०२४ रोजी पहाटे अतिवृष्टीमुळे तेथील मुंडक्कई व चूरलमला या वस्त्यांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दूरध्वनीची यंत्रणा कोलमडलेल्या त्या भागाशी संपर्क ठेवण्यासाठी हौशी रेडिओचालक पुढे आले. कल्पेट्टा येथील जिल्हाधिकारी कार्यालयात त्यांचे केंद्र उभे राहिले, आणि आपत्तीच्या जागेवरून येणारे संदेश तेथपर्यंत पोचविण्याचे काम अंबलवयल येथील पोन्मुडीकोट्टा या उंच जागेवरील पुनःक्षेपकाने केले. तो पुनःक्षेपक सुलतान बत्तेरी येथील हौशी चालकांच्या संस्थेने बसविलेला होता.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की आपत्तीच्या दिवशी तो पुनःक्षेपक आणावा लागला नाही. तो तेथे होता. चिखलाने रस्ते बंद झाले असता डोंगरावर मनोरा उभारणे कोणास शक्य झाले असते? कोणीतरी शांततेच्या दिवसांत, कसलीही निकड नसताना, तो उभारला होता व चालता ठेवला होता. १९९३चा लातूरचा भूकंप, २००१चा गुजरातचा भूकंप, २००४च्या डिसेंबरातील समुद्रलाट या प्रसंगीही हौशी चालकांनी संपर्काचे काम केले. अंदमानात त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचे एक पथक छंदाच्या कामासाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. लाट येताच त्याने आपले केंद्र साहाय्यकार्यास लावले. यंत्रे जागेवर होती, चालविणारे हात सरावलेले होते, म्हणूनच हे घडले.

मंडळाचे हिशेब

तयारी म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबावरून समजेल. समजा, एक पुनःक्षेपक बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. नुसता ऐकत असताना तो अर्धा अँपिअर प्रवाह घेतो आणि बोलताना सहा अँपिअर. दिवसाच्या चतुर्थांश वेळ तो बोलत राहिला, तर सरासरी प्रवाह १.९ अँपिअरच्या आसपास येतो. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी त्यास कागदावर दोन दिवसांहून थोडी अधिक पुरते. परंतु शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढणे तिला मानवत नाही. तेव्हा हाती उरतो सुमारे एक दिवस. चालकांनी बोलण्याचा वेळ निम्मा केला, तर तीच बॅटरी जवळजवळ दीडपट काळ टिकते. मोजके बोलावे हा उपदेश शिष्टाचाराचा खरा, पण डोंगरावर तो विजेच्या हिशेबाचा भाग बनतो. म्हणूनच मंडळे आठवड्यातून एखादे दिवशी ठराविक वेळी सर्वांची हजेरी घेतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे आपले चिन्ह सांगून थांबतात, आणि कोणाचा संदेश महत्त्वाचा, हे सूत्रधार ठरवितो. हा सराव नसेल, तर संकटाच्या वेळी सारे एकदम बोलतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही.

अंकीय पद्धती निवडतानाही हाच निकष लावावा लागतो. तिने स्वच्छ आवाज दिला, एका यंत्रावर दोन संभाषणे चालविली, दूरच्या मित्रांशी गाठ घातली, हे सारे हिताचे आहे. मात्र इंटरनेटचा धागा तुटला तरी पुनःक्षेपक आपल्या पंचक्रोशीपुरते काम करीत राहिला पाहिजे, आणि अंकीय यंत्र ज्यांच्याजवळ नाही अशांसाठी जुन्या पद्धतीची वाटही मोकळी असली पाहिजे. दोन्ही पद्धती ओळखणारे पुनःक्षेपक आज उपलब्ध आहेत.

शाळा व ग्रंथालये यांना या कार्यात सहज भाग घेता येईल. बारा वर्षांचा विद्यार्थी परवान्याच्या परीक्षेस बसू शकतो. गणिताच्या तासाला जवळच्या डोंगराचे रेडिओ-क्षितिज काढता येईल. व्याकरणाच्या तासाला घोष-अघोष वर्ण कंठावर बोट ठेवून पारखता येतील. भूगोलाच्या नकाशावर कोणत्या वस्त्या डोंगराच्या आड पडतात, हे रेखाटता येईल. जवळच्या रेडिओमंडळास ग्रंथालयाने वर्षातून एक सायंकाळ दिली, तर नळकांडी जुळविण्याची विद्या एका वृद्ध सभासदाबरोबर लोपून जाणार नाही.

आणि मंडळाची खरी परीक्षा घ्यावयाची असेल, तर तिला खर्च फारसा येत नाही. दर वर्षी मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी सभासदांनी डोंगर चढावा, जोड तपासावे, बॅटरीचा भार मोजावा. नंतर इंटरनेटची तार काढून ठेवावी, विजेचा खटका बंद करावा, आणि खालच्या एका गावाने दुसऱ्या गावास हाक मारावी. हाकेस उत्तर आले, तर ते मंडळ पावसाळ्यास तयार आहे.